धोट्यावर सरकारचा हात

साकोलीच्या स्टँडवर माझ्या निरोपाचा सगळा वेळ माझ्या बापानं कंडक्टरशी भांडण्यात घालवला. भांडण तांदळाच्या पोत्यावरून होतं. कंडक्टर म्हणे, लगेजचं तिकीट काढा. बाबा म्हणत होते, "पोरगी पुण्याले जाऊन राहिली, ते का तिथी दगडं खाईन? हे लगेज नोहोय, शिधा होय." शेवटी माझ्या नवऱ्यानं, सुधाकरांनी, खिडकीतून हात काढून गुपचूप पैसे दिले. गाडी हलली तेव्हाही बाबा कंडक्टरलाच काहीतरी ऐकवत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. आई तर स्टँडवर आलीच नव्हती. लोकांपुढे रडायला तिला आवडत नसे. माझा धाकटा भाऊ निलेश तेवढा गाडीच्या मागेमागे थोडं चालला, मग थांबला. त्याची नुकतीच बारावी झाली होती आणि माझ्या जागी आपण जायला हवं होतं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

याला चौदा वर्षं झाली. सुधाकरांना चाकणच्या एका कारखान्यात नोकरी होती, आम्ही मोशीत दोन खोल्या घेतल्या. पहिलं वर्ष मी भाजी आणायला जायची तर भाजीवाली माझ्या बोलण्यावर हसायची. "मले अर्धा किलो वांगे द्या" म्हटलं की ती विचारायची, "ताई, तुम्ही हिंदी का?" मग मी "मला" म्हणायला शिकले. "जाऊन राहिली" सोडलं, "चाललेय" धरलं. आता माझी मुलगी माझ्या फोनवरच्या बोलण्याला हसते. भाजीवालीचं हसणं त्यापेक्षा बरं होतं, ते परक्याचं होतं.

दहा वर्षं तशी बरी गेली. मग कारखाना बंद पडला आणि सुधाकरांच्या हातात एकरकमी पैसे आले. आमच्यासारख्याच्या घरात एकदम पैसा आला की तो ठेवायचा कसा हे माहीत नसतं, फक्त लावायचा कशात याची घाई असते. सुधाकरांना कोणीतरी सांगितलं की हिंजवडीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये फ्रँचायझीचा कार्यक्रम आहे, चहा-नाश्ता फुकट. गेलो.

ब्रँड होता विदर्भाच्या जेवणाचा. पडद्यावर लाल रस्सा, काळा मसाला, मोठं पितळी ताट. कंपनीचा माणूस गुळगुळीत दाढीचा, त्याला आम्ही पुढे सगळे "सर" म्हणायचो आणि तो आम्हाला "पार्टनर" म्हणायचा. मी हुरळून त्याला म्हटलं की मी भंडाऱ्याकडची, विणकराच्या घरची, हा मसाला माझ्या हातचाच आहे. तो गोड हसून म्हणाला, "मॅडम, रेसिपीचं टेन्शनच घ्यायचं नाही. सगळं पाकिटात येतं." त्याच वेळी उठून यायला हवं होतं. पण सुधाकर पडद्यावरचा महिन्याच्या नफ्याचा तक्ता पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मीही पाहत होते.

आमच्याजवळ होते त्यात भागणार नव्हतं. आणखी पंचवीस लाख लागत होते. गहाण ठेवायला जमीन नाही, घर नाही, सोनं म्हणावं असं सोनं नाही. तेव्हा सरांनीच बँकेचा रस्ता दाखवला. लहान धंद्यांसाठी सरकारी हमीचं कर्ज मिळतं, तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही, आणि बाईच्या नावावर घेतलं तर सरकारची हमी आणखी जास्त. असं कर्ज माझ्या नावावर झालं. प्रोप्रायटर मी. आयुष्यात माझ्या नावावर तोवर गॅसचं कनेक्शनही नव्हतं. बँकेत एका दुपारी मी इतक्या सह्या केल्या की शेवटच्या सह्या माझ्याच मला ओळखू येईनात. वाचलं काहीच नाही. अभिमानानं इतकी फुगले होते की वाचणं हा मला अविश्वास वाटला असता.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आता इथे आमच्या आळीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

सानगडीत आमची विणकरांची आळी. बाबा हातमागावर लुगडी विणायचे, सूत साकोलीच्या व्यापाऱ्याकडून उधार यायचं. ज्याची पत नाही त्याच्यासाठी आळीतला कोणी वडीलधारा जिम्मा घ्यायचा. जिम्मा घ्यायचा म्हणजे व्यापाऱ्यासमोर त्या विणकराच्या मागाशी जाऊन धोट्यावर हात ठेवायचा, ज्या धोट्यातून आडवं सूत मागावर इकडून तिकडे जातं त्या धोट्यावर, आणि म्हणायचं, "हा माहा." बस्स. पुढे विणकर आजारी पडला, कापड बिघडलं, काही झालं, तर जिम्मेदार भरायचा आणि त्या दिवसापासून व्यापारी विणकराच्या दारात पाऊल टाकत नसे. रस्त्यात दिसला तरी विषय काढत नसे. उरलेलं ते विणकर आणि जिम्मेदार यांच्यात. कधी तांदूळ, कधी लग्नात राबणं, कधी नुसतं आयुष्यभर नमतं घेणं. आमच्या आजोबांनी तिघांचा जिम्मा घेतला होता, त्यातले दोघं बुडाले. आळीत कोणी त्यांना बुडालेले म्हणालं नाही.

तर बाबांनी फोनवर विचारलं, "एवढे पैसे? जिम्मा कोणं घेतला?"

मी म्हटलं, "सरकारनं."

मग ते म्हणाले, "म्हंजे सरकारनं तुह्या धोट्यावर हात ठेवला?"

"होय बाबा."

मी खोटं बोलत नव्हते. मलाही अगदी तसंच वाटत होतं. हमी, गॅरंटी, जिम्मा, माझ्या डोक्यात हे सगळे एकाच घरचे होते. बाबांनी ती गोष्ट दुसऱ्या दिवशी आळीत सांगितली, बाजाराच्या दिवशी बाजारात सांगितली, आणि साकोलीला दवाखान्यात गेले तर तिथल्या कंपाउंडरलाही सांगितली. ज्या माणसाचा माग बंद होऊन सहा वर्षं झाली होती, त्याच्या पोरीचा जिम्मा देशाच्या सरकारनं घेतला होता. आई तेवढी म्हणाली, "सरकार सानगडीले येऊन बसते का धोट्यापाशी?" तिच्या बोलण्याकडे आमच्या घरात कोणी कधी लक्ष दिलं नाही. ती पुढच्याच वर्षी गेली.

हॉटेल उघडलं. फर्निचर कंपनी सांगेल त्याच्याकडून, रंग कंपनी सांगेल तो, वाट्यासुद्धा त्यांच्याच. रस्सा पाकिटातून यायचा, गरम करायचा आणि वर कोथिंबीर टाकायची. कोथिंबीर किती, तेही भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं. मी पहिल्या दिवशी चव पाहिली. तिखट नाहीच. आई म्हणायची, "तिखट नसन तं ते जेवण नोहोय, पथ्य होय." आमच्या दारावर 'अस्सल विदर्भ' असं लिहिलेलं आणि आत मी लोकांना पथ्य वाढत होते.

दोन महिने गप्प बसले. मग एका रविवारी घरून पाटोडी करून नेली. बेसनाची वडी थापून, आईच्या पद्धतीचा रस्सा करून. टेबलांवर थोडी थोडी चाखायला दिली. पुढच्या रविवारी लोक पाटोडी विचारत आले. त्याच्या पुढच्या रविवारी कंपनीचा ऑडिटवाला गिऱ्हाईक बनून आला. पोटभर जेवला, रस्सा दोनदा मागितला, बोटं चाटली, आणि मग खिशातून ओळखपत्र काढून मला दंडाची पावती दिली. ब्रँडच्या यादीत नसलेला पदार्थ विकला म्हणून. विकला नव्हता हो, वाढला होता. पण त्या पावतीवर वाढण्यासाठी रकानाच नव्हता.

त्यानंतर उतरण लागली. कंपनीला रॉयल्टी विक्रीवर द्यायची, नफ्यावर नाही. म्हणजे आम्ही तोट्यात असलो तरी तिचा घास आधी. घरपोच डिलिव्हरीच्या अ‍ॅपवाल्यांचा घास त्यानंतर, जागेच्या भाड्याचा त्यानंतर, बँकेचा हप्ता त्यानंतर. आम्ही शेवटी ताटलीत राहिलेलं पाहायचो. दीड वर्षानं त्याच कंपनीनं आमच्यापासून चार चौक सोडून दुसरा पार्टनर उभा केला. मी सरांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, मार्केट मोठं होतंय, पॉझिटिव्ह राहा." रॉयल्टी थकत गेली. त्यांचे मेसेज येऊ लागले, तेही पॉझिटिव्हच.

आणि मग ती गोष्ट, जी लिहायची म्हणून हे सगळं लिहितेय.

एक दिवस सर स्वतः आले. रिकाम्या टेबलावर बसले, पाकिटातलाच रस्सा चवीनं जेवले आणि म्हणाले, "तुमच्या ओळखीत कोणी असेल तर एक नवा पार्टनर द्या. तुमची सहा महिन्यांची रॉयल्टी माफ." त्याच आठवड्यात निलेशचा फोन येऊन गेला होता. तो साकोलीला मोबाईलच्या दुकानात कामाला होता आणि आमच्या हॉटेलचे फोटो पाहून पाहून त्याचं डोकं फिरलं होतं. "ताई, हायवेवर जागा पाहून ठेवली. नागझिऱ्याले जाणारे सगळे तिथूनच जाते. मले बी तसंच लोन पायजे, सरकारच्या जिम्म्याचं." मी त्याला हो-नाही काहीच बोलले नव्हते. फोटो मीच पाठवत होते ना. गर्दीच्या दिवसाचे फोटो, पुन्हा पुन्हा तेच.

मी सरांना निलेशचा नंबर दिला.

सारवासारव करत नाही. मला माहीत होतं की धंदा बुडतोय. तरी मी मनाची समजूत घातली की साकोलीत भाडं कमी, तिकडे चालेल. आणि नाहीच चाललं तर काय, सरकारचा हात आहेच. सहा महिन्यांच्या रॉयल्टीसाठी मी माझ्या सख्ख्या भावाचा नंबर कागदाच्या रुमालावर लिहून दिला. सुधाकरांनी पाहिलं आणि तेही गप्प बसले.

तीन महिन्यांनी आमचा हप्ता पूर्णच थांबला. मी बँकेत गेले, आणि गंमत बघा, अगदी निवांत मनानं गेले. साडी इस्त्रीची. साहेबांना म्हटलं, "आता आमच्यानं होत नाही. तुम्ही सरकारकडून घ्या. आमचं आणि सरकारचं आम्ही हळूहळू पाहून घेऊ." साहेब माणूस वाईट नव्हता. तो हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हमी बँकेला आहे. तुम्हाला नाही."

मला कळेना. त्यानं पुन्हा समजावलं. कर्ज बुडालं तर त्यातला मोठा हिस्सा बँकेला त्या हमीतून मिळू शकतो, पण त्यासाठीही बँकेनं आधी माझ्यावर कायदेशीर कारवाई करायची. आणि ते मिळालं तरी माझं देणं तसंच उभं राहणार, वसुली चालूच राहणार. "आणि ती दरवर्षी खात्यातून कापली जाणारी फी?" मी विचारलं. ती हमीचीच होती. म्हणजे मी बुडाले तर बँकेचं नुकसान होऊ नये, याचे पैसे वर्षानुवर्षं मीच भरत होते. आमच्या आळीत जिम्मेदार मध्ये उभा राहायचा तो विणकराला पाठीशी घालून. इथे तो व्यापाऱ्याच्या खुर्चीमागे उभा होता, आणि त्याला उभं राहायची मजुरी मी देत होते. सगळं कागदावर लिहिलेलं होतं. फसवलं म्हणावं तर कोणी फसवलंही नाही. माझ्या सह्या होत्या.

बँकेच्या पायऱ्या उतरताना मला स्वतःचं काहीच सुचलं नाही. एवढंच आठवलं की सोमवारी निलेशची अशाच कर्जासाठी बँकेत सही आहे. तो शुक्रवार होता.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तो मला खोटं पाडेल, किंवा मी स्वतःच गोड बोलून मोकळी होईन, याची भीती वाटली. शनिवारी निघाले, रविवारी दुपारी सानगडीत पोचले. घरात निलेशची बायको नव्या हॉटेलसाठी पडद्यांचं कापड पसरून बसली होती. ब्रँडच्या रंगाचं. मी पाणीही न पिता सांगायला लागले. हॉटेल बुडालं, हप्ते थकले, हमी आपल्याला नसते, बँकेला असते. निलेश ऐकत होता, पण कपाळाला आठी होती.

"मंग फोटो काहून पाठवत होती?" तो म्हणाला.

मी पुन्हा हमीचंच सांगू लागले, तर त्यानं मला मध्येच तोडलं.

"तुहं बसलं म्हून माहं बी बसन का? तुले माहं चांगलं पाहवत नाही ताई, सरळ सांग ना."

तो ऐकणार नाही हे मला दिसलं. सकाळी उठून तो जाईल आणि सही करून येईल. त्याला थांबवायला माझ्याजवळ आता एकच गोष्ट उरली होती. ती मी सांगितली. म्हटलं, "तुझा नंबर कंपनीला मी दिला. त्याबद्दल माझी सहा महिन्यांची रॉयल्टी माफ झाली. त्यांना तुझं हॉटेल नको आहे, त्यांना फक्त नवा माणूस पाहिजे होता."

निलेशच्या बायकोनं पडद्याचं कापड गोळा केलं आणि ती आत गेली. निलेशनं विचारलं, "बुकिंगचे दोन लाख भरले मी. ते?"

"ते परत येत नाहीत."

"तुले माहीत होतं?"

"होतं."

तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. दारातून वळून म्हणाला, "सहा महिन्यात इकलं तुनं मले." त्यानंतर आजतागायत तो माझ्याशी बोललेला नाही.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना ना निलेशच्या दोन लाखांचं लक्षात येत होतं, ना माझ्या रॉयल्टीचं. ते एकाच जागी अडकले होते. "पण जिम्मा घेतला ना त्याहीनं?" ते विचारत राहिले. "जिम्मा घेतल्यावर मानूस फिरते कसा?" मी समजावलं, पुन्हा समजावलं. साठ वर्षं ज्या माणसानं हात ठेवणं म्हणजे हात ठेवणं असंच मानलं, त्याला मी चाळिशीच्या जवळ आलेली पोरगी काय समजावणार? शेवटी ते म्हणाले, "मंग सांगू नोको कोणाले." पण सगळ्यांना त्यांनीच तर सांगून ठेवलं होतं.

निलेशनं सही केली नाही. मी ज्यासाठी गेले होते ते झालं. तो अजून मोबाईलच्या दुकानात आहे, त्याच्यावर कर्ज नाही, त्याच्या दारात कोणी येत नाही. आळीत मात्र गोष्ट अशी चालते की बहिणीनं सरकारचे पैसे बुडवले आणि भावाचं होत आलेलं हॉटेल मोडलं. दोन्ही गोष्टी तशा खोट्या नाहीत. तुम्ही जे सानगडीत राहिलात, तुम्ही हे माझ्यामागे बोलता हे मला ठाऊक आहे, बोला. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात आणि चाकणला, सुरतला, हैदराबादला कुठे कुठे आहात, गर्दीच्या दिवसाचे फोटो घरी पाठवता, त्यांना मी काय सांगू? रिकाम्या दिवसाचाही एखादा पाठवा. तिकडे कोणीतरी तुमच्या फोटोवर विश्वास ठेवून पडदे शिवायला घेत असतं.

आमचं हॉटेल बंद झालं. जे फर्निचर कंपनीच्या माणसाकडून घ्यावंच लागलं होतं, ते भंगारवाल्यानं वजनावर नेलं. सुधाकर आता शाळेची बस चालवतात. मी मोशीतच एका मेसमध्ये स्वयंपाक करते, दोनशे डबे. तिखट माझ्या मनाचं घालते, मालक काही म्हणत नाही. खोली बदलली, आधीच्यापेक्षा लहान घेतली, आणि घरमालक अकरा महिन्यांपेक्षा जास्त कुणाला ठेवत नाही.

म्हणून बँकेचे कागद इथे येत नाहीत. कर्जाच्या अर्जात 'कायमचा पत्ता' असा रकाना होता. सुधाकरांचं तुमसरचं घर म्हणजे राइस मिलजवळची भाड्याची खोली, सासरे गेल्यावर तीही सुटली. माझ्या आधारवर सानगडी होतं. मी आनंदानं तेच लिहिलं होतं. आता नोटिसा तिथे जातात. बाबा सही करून घेतात. मग मला फोन करतात. आधी तिकडचं ऊन सांगतात, कोणाचं लग्न जमलं ते सांगतात, मग आवाज खाली आणून म्हणतात, "आला व बाई कागद. घेतला मी." काय लिहिलं आहे विचारलं तर म्हणतात, "इंग्रजी आहे. तू नोको फिकर करू, मी ठेवला बराबर." उत्तर द्यायची तारीख मी दरवेळी बँकेत जाऊन विचारून येते, त्यांना सांगत नाही.

मागच्या महिन्यात मी पत्ता बदलायला आधार केंद्रात गेले होते. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला या वयात माझ्या नोटिसांसाठी दारात उभं करू नये. तिथल्या मुलीनं फॉर्म दिला, म्हणाली, दहा मिनिटांचं काम आहे, भाडेकरार जोडा. मी बाकावर बसून फॉर्म निम्मा भरला. मग मला ते दार दिसलं. पोस्टमन सायकल टेकवून उभा राहतो आणि आत हाक मारतो, पूर्ण नाव घेऊन, माहेरच्या आडनावासकट. घरात निलेश असतो, त्याची बायको असते, त्यांना ते ऐकावं लागतं. नाहीतर त्या घरात माझं नाव आता कोणी घेत नाही.

मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला आणि डबे भरायला गेले.